एका बाजूची भाकर

६ ऑक्टोबर, कारंजा (घाडगे)

आलो बावा एकदाचा.

दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी माझ्या हातात पेन दिलं आणि नाव लिहायला लावलं. पियुषमधला प एवढा वाकडा निघाला की मलाच हसू आलं. ते म्हणाले, हात थरथरतो आहे, रोज थोडं लिहीत जा. काय लिहू, म्हटलं. काहीही लिही, मैत्रिणीला पत्र लिही. सिस्टर तोंडावर हात ठेवून हसली. तिला काय माहीत, मी सुटून जात होतो तेच मुळी मैत्रिणीच्या दारात.

खरं तर मी वडनेरला आपल्या घरी जाणार होतो. पण बाबा नाहीत, आई एकटी, आणि सध्या कापूस फुटून राह्यला. ती वेचणीच्या बाया सांभाळेल की मला? कोकिळा आत्या म्हणाली, वहिनी, पोट्टा मले द्या, दिवाळीपर्यंत पैलवान करून पाठवतो. आत्या दवाखान्यात फार बसली. डेंग्यूचा न्यूमोनिया झाला तेव्हा मी मधेच एकदा गेलो होतो म्हणे, मशीनवर सरळ रेघ आली होती. मग छाती दाबून परत आणलं. आत्यानं ते सिस्टरला पुन्हा पुन्हा विचारलं, खरंच गेलता का, पूर्ण गेलता का. एवढा जीव लावणारं माणूस आजकाल कुठं सापडते?

आत्याचं घर हायवेपासून जरा आत, दोन मजली, पिवळं. तिचे मालक अण्णाजी संत्र्याचा व्यापार करतात, त्यामुळे अंगणभर प्लास्टिकचे कॅरेट. मला घरात नाही, अंगणापलीकडच्या सुट्या खोलीत ठेवलं आहे. इथं आधी माल राहायचा, भिंतींना अजून संत्र्याचा वास आहे. आत्या म्हणाली, मोकळी हवा लागते दुखणेकऱ्याले. हवा खरंच आहे. खिडकीबाहेर तीन वाटा मिळतात, एक हायवेची, एक बगीच्याची, एक गावात जाणारी.

त्या गावातल्या वाटेवरच ताराचंदजींचं किराणा दुकान. त्यांची मुलगी मयुरी.

मी अमरावतीचं कॉलेज सेकंड इयरला सोडलं ते मारामारीमुळे, असं सगळे सांगतात. पण मारामारी कशामुळे हे कोणी सांगत नाही. एकानं माझ्या मोबाईलमधला तिचा फोटो पाहून घाण शब्द वापरला. माझं डोकं सटकलं. पुन्हा सटकलं तरी मी तेच करेन.

आतेभाऊ मुकेश पुण्याला कंपनीत आहे. वरच्या मजल्यावरची त्याची खोली बंद दिसते. तो नाही हे बरंच आहे. तो असला की सगळ्या पोरी त्याच्याकडे पाहतात.

८ ऑक्टोबर

आज जेवण मयुरीनं आणलं. आत्यानं तिला मदतीला बोलावून घेतलं आहे. आत्याला सगळं समजते, फक्त बोलून दाखवत नाही.

भर दुपारी, ऊन डोक्यावर असताना ती मागच्या दारातून निघाली. ओढणी डोक्यावरून, हातात पळसाच्या पानांची पत्रावळ. ताट नाही, कारण मी दवाखान्यातून आलो, घरच्या भांड्यांना जंतू लागायला नको, असं आत्याचं म्हणणं. मी म्हटलं, ये ना, बस. ती बोलली नाही. पत्रावळ उंबऱ्यापाशी ठेवली, वळली आणि गेली. मी मागून नाव घेतलं तरी तिनं वळून पाहिलं नाही. घरात जाण्याआधी हौदाजवळ उभी राहून पायांवर पाणी घेतलं. पायाचे तळवे धुतानाही मान खालीच.

पोट्टी लाजते. मोबाईलवर रात्रंदिवस बडबडायची, आणि आता समोर आली तर तोंड उघडत नाही. मी तिच्या ओल्या पावलांचे ठसे वाळेपर्यंत खिडकीत उभा होतो.

जेवणात दहीभात आणि ज्वारीची भाकर होती. सगळं संपवलं.

११ ऑक्टोबर

ताकद भरून येत आहे. आज फाटकापर्यंत एकटा गेलो. हायवेवरून नागपूरकडे चाललेले ट्रक मोजत बसलो, मग मोजायचा कंटाळा आला.

मयुरी रोज येते, तशीच गप्प, तशीच न वळता जाते. आता मला त्यातच मजा वाटते. वळली तर हसेल, म्हणून वळत नाही, असं मी धरून चाललो आहे. एक मात्र खरं, तिला भाकर भाजता येत नाही. वरून छान पापुद्रा, खालून पांढरी, ओली, कच्ची. रोज तशीच. लग्नानंतर आई तिला सुनावेल. मी मधे पडेन. मी म्हणेन, आई, मला कच्चीच आवडते.

आत्या संध्याकाळी येऊन पत्रावळ पाहते. विचारते, पूर्ण खाल्लं ना, स्वतःच्या हातानं खाल्लं ना, मन लावून खाल्लं ना. मी म्हणतो, हो गं माय. ती माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडते.

वरच्या मजल्यावर कोणी खोकते. खोल, ओला खोकला, शेवटी बारीक शीळ वाजल्यासारखा. मी विचारलं. आत्या म्हणाली, तुहे अण्णाजी, दुसरं कोण, तंबाखूचा खर्रा सोड म्हटलं तर मलेच सोडायले निघाले.

अण्णाजी तेव्हा अंगणात कॅरेट उचलत होते. मी ते सोडून दिलं. म्हातारी माणसं चुकून बोलतात.

१४ ऑक्टोबर

आज मी खोकललो.

साधाच, घशात भाताचं शीत अडकल्यासारखा. पण शेवटी बारीक शीळ वाजली. आत्या अंगणात वाळवण उलथत होती. ती थांबली. माझ्याकडे वळली, आणि तिचा चेहरा, काय सांगू, पोराचा पहिला नंबर आल्यावर आईचा होतो तसा झाला. मग लगबगीनं घरात गेली आणि जिना चढतानाचा तिचा आवाज आला.

दवाखान्याच्या गोळ्या चालू आहेत. डॉक्टर म्हणाले होते, खोकला असा लगेच जाणार नाही. पण तेव्हा असा नव्हता.

मयुरीला मेसेज टाकला, मला बरं वाटत नाही. उत्तर आलं, नीट जेव. दोन शब्द. त्या दोन शब्दांवर मी दुपार काढली.

१७ ऑक्टोबर

फाटकापर्यंत जाता आलं नाही. खाटेवरून उठलो की डावा गुडघा आपोआप वाकतो. मला गुडघ्याचं दुखणं कधी नव्हतं. ते मुकेशला होतं, कबड्डीत मार बसल्यापासून. दिवाळीत आम्ही त्याला चिडवायचो, लंगडा राजा म्हणून.

दाढी करताना आरसा पाहिला. गालाची हाडं वर आली. आत्या म्हणते, अंगात ताकद भरायच्या आधी माणूस असाच सुकते. काऊन घाबरतो, खात जाय.

वरचा खोकला थांबला आहे. त्याऐवजी गाणं गुणगुणल्याचा आवाज येतो. अण्णाजींना मी कधी गुणगुणताना ऐकलं नाही.

मी मात्र खातो. ती घेऊन येते म्हणून खातो. तोंडाला चव नाही, भाकर घशाखाली उतरत नाही, तरी एक तुकडा मागं ठेवत नाही. तिला वाटायला नको की मी नाकारलं.

१९ ऑक्टोबर

गच्चीवर मुकेश आहे.

सकाळी ऊन कोवळं असताना दिसला. आधी ओळखलंच नाही. बारीक, पांढराफटक, अंगावर शाल, पण चेहऱ्यावर रंग येत असलेला. खुर्चीत बसला होता आणि त्याच्या शेजारी मयुरी संत्रं सोलत होती. एक एक फोड, वरचे पांढरे दोरे काढून, त्याच्या तोंडात. ती बोलत होती. हसत होती. ती खूप बोलत होती.

मला आजवर तिनं एक संत्रं आणलं नाही. अंगणात हजारो पडली आहेत.

मी खिडकीतून हाक मारली. तिनं ऐकलं. हात थांबला. मान वळली नाही.

आत्याला विचारलं तर म्हणाली, कालच आला रे सुटीवर, दिवाळीसाठी. काल मी दिवसभर खिडकीत होतो. बॅग घेऊन कोणी आलं नाही. मी तसं म्हटलं. ती म्हणाली, तुले ताप आहे, काहीही दिसते. मी पाण्याचा ग्लास भिंतीवर मारला. तो खिडकीच्या चौकटीवर फुटला. आत्यानं काचा न रागावता गोळा केल्या.

मुकेश हसला वर. तसं हसणारं मी एकच माणूस ओळखतो. आधी नाकातून, मग एकदम मोठ्यानं. आई म्हणते, बाबू, तू हसतो का शिंकतो.

२१ ऑक्टोबर, दुपार

लिहायला त्रास होतो. पण लिहितो. हे लिहिलंच पाहिजे.

जेवत होतो तेव्हा आईचा फोन आला. तोंडात घास होता. बरं वाटावं तिला म्हणून मी गंमत केली. म्हटलं, तुझी सून काही कामाची नाही, रोज भाकर एकाच अंगानं भाजते.

आई हसली नाही. मग तिनं विचारलं, ताटात देते का पानावर. पानावर, म्हटलं. बोलते का. नाही. जाताना मागं पाहते का. नाही. घरात जायच्या आधी पायावर पाणी घेते का.

मी म्हटलं, तुला कसं माहीत.

आई म्हणाली, बाबू, तोंडातला घास थुंक. आधी थुंक, मग आइक.

मी थुंकला.

ती म्हणाली, एका अंगाची भाकर जित्या माणसाच्या ताटात वाढत नाईत राजा. दुखणेकऱ्यावरून उतरवून तिवाट्यावर, तीन वाटा भेटतात तिथं, ठेवतात. ठेवणारानं बोलायचं नाई, मागं पाह्यचं नाई, पाणी घेतल्याशिवाय घरात शिरायचं नाई. न समजता खाल्लं तर दुखणं थोडं थोडं अंगावर येते, ते काढता येते मले. पण समजून खाल्लं, हो म्हणून खाल्लं, तर त्याचं सारंच येते, आपलं सारं त्याले जाते, आणि मंग कोणाच्यानंच उतरत नाई. तू आता पाण्याशिवाय काहीच तोंडात घालू नको. आज वर्ध्यापर्यंतची गाडी भेटते, तिथं तुह्या मावशीकडे थांबतो, उद्या सकाळच्या पहिल्या गाडीनं येतो. माह्या बाबू, उद्या सकाळपर्यंत धीर धर.

मी वर जे जे लिहिलं ते सगळं वाचलं. ओढणी. गप्प राहणं. ओली पावलं. मी ज्याला लाज म्हटलं तो नियम होता. ती मला तिवाट्यावर ठेवत होती रोज. मी खिडकीत उभा राहून पाहत होतो आणि मला वाटत होतं –

ती पत्रावळ खिडकीबाहेर फेकली. दोन कावळे आले. भाताभोवती फिरले. शिवले नाहीत.

२१ ऑक्टोबर, संध्याकाळ

वर खोकला पुन्हा सुरू झाला. ऊन कललं तसा वाढला. मला मात्र बरं वाटते. गुडघा सरळ होतो. आई खरं बोलली.

आत्या आली. पत्रावळ बाहेर पडलेली पाहिली. ओरडली नाही. खाटेवर बसून माझं डोकं मांडीवर घेतलं. मी झटकलं. म्हटलं, लाज वाटते का तुला, भावाचा पोरगा आहे मी, तुझ्या भावाचा. ती म्हणाली, म्हणूनच तर. परक्याले लागत नाई. रक्ताचंच पाहिजे.

मग म्हणाली, तू तर जाऊन आलता रे पियुष. तुले वाट माहीत झाली. दुसऱ्यांदा जायले भेव कमी लागते. माह्या मुकेशनं तर अजून काहीच पाह्यलं नाई, मांडव पाह्यला नाई.

कोणाशी, असं मी विचारलं. उत्तर मला माहीत होतं. गच्चीवरच्या त्या फोडीपासून माहीत होतं. ती म्हणाली, मयुरीनंच तर तुहं नाव सुचवलं. तो माह्या एका शब्दावर इथं येईल म्हणे, अन् मी देईन ते खाईल.

मी तिच्यावर हात उचलला. उचलता आला. मारला नाही.

अण्णाजी आले, चार्जिंगला लावतो म्हणून मोबाईल घेऊन गेले. बाहेरून कडी लागली. लागू दे. उद्या सकाळी आई येते. मी फक्त खायचं नाही, एवढंच आहे. एवढं तर लहान लेकरू पण करेल.

२२ ऑक्टोबर, सकाळ

उजाडलं. पाणीही प्यायलो नाही. भूक आहे, पण डोकं साफ आहे. पहिली गाडी येईल आता. हायवेकडे कान लावून बसलो.

कडी निघाली. आई नाही. मयुरी.

ओढणी डोक्यावर नाही, तोंडावर. खोकत आली. तोच खोकला, खोल, ओला. उंबऱ्याच्या आत आली, पहिल्यांदा. खाली बसली. ओढणी काढली तर लाल डाग. आत्या दारात उभी राहून रडत होती. म्हणाली, तू फेकलं ना, ज्याच्यासाठी होतं त्यानं नाई घेतलं, तर आणणारीवर फिरलं. आता सांग, समाधान झालं का.

मी म्हटलं, मरू दे.

खरंच म्हटलं. रागात. मग मयुरीनं माझ्याकडे पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा सरळ डोळ्यांत. म्हणाली, पियुष, मले भेव लागते. माझं नाव घेतलं. पियुष म्हणाली. म्हणाली, मी चुकली, पण तू म्हणायचा ना मोबाईलवर, तुह्यासाठी जीव देतो. का नुसतंच म्हणायचा.

आत्याच्या हातात पत्रावळ. भाकर. तिनं ती मयुरीवरून उतरवली, माझ्यासमोर. उंबऱ्यापाशी ठेवली आणि बाजूला झाली. कोणी जबरदस्ती केली नाही. हे लिहून ठेवतो. कोणीच केली नाही.

आई थोड्या वेळात येईल. मी थांबू शकतो. पण ती खोकून खोकून जमिनीला लागली आहे आणि तिचा हात माझ्या पायावर आहे. गरम हात.

मला सगळं समजते. हो म्हणून खातो.

तीच सकाळ

खाल्लं. एक घास. पुरला.

ती उठली. लगेच. ओढणी खाली पडली ती घ्यायलाही वाकली नाही. मी उचलली. डाग ओला होता. वास घेतला – कुंकवाचं पाणी – भाकर आधी मुकेशवरूनच उतरवून आणली होती –

अंगणातून गेली. ताठ. मी हाक मारली. मागं पाहिलं नाही. हौदावर पाणी. पाय. एक, मग दुसरा. खोकली नाही. एकदाही नाही.

मोबाईलवर माझं हसू ऐकून ती म्हणायची, पुन्हा हस. वर गच्चीवर आता तो हसतो. नाकातून, मग मोठ्यानं. ती म्हणते, पुन्हा हस.

तो जिना उतरतो आहे. दोन्ही पायांवर. गुडघा –

पेन धरवत नाही. प पुन्हा वाकडा –

हायवेवर गाडी थांबली. दार आपटलं. चप्पल. आईची चप्पल, टाच घासत चालते, मी कुठंही ओळखेन –

फाटकात आहे. हाक मारते. बाबू. बाबू कुठं आहे रे.

मी ओरडलो. ओरडलो तर खोकला निघाला. शेवटी शीळ. त्याचा –

आत्या म्हणते, तो खोकते तो मुकेश आहे वहिनी, लय बिमार आहे बिचारा, तिकडं नका जाऊ. पियुष घरात आहे. बरा झाला आता.

आई थांबली. खिडकीकडे पाहते. पाह्य ना आई. इकडं –

घरातून आवाज आला. आई, ये ना, मी इथं आहे. माझा आवाज. माझाच. आधी नाकातून हसला, मग –

ती हसली. आई हसली. वळली. घराकडे –

आई मागं पाह्य. एकदा फक्त मागं